संगणकाची मंदावलेली गती

रायपूरहून धमतरीकडे जाणारा लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते. नागपूरकडून येऊन रायपूरवरून पूर्वेस जाणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर हेच अंतर १६७६ मिलिमीटर होते. साहजिकच धमतरीकडील माल लहान डब्यांतून रायपूरला येई, तेथे तो उतरवावा लागे आणि मग मोठ्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. मुख्य मार्गावरील इंजिन कितीही बलवान असले, तरी धमतरीच्या मालाला त्याचा फारसा लाभ नव्हता. छोटी गाडी येऊन पोचेपर्यंत आणि तिच्यातील माल हलवून होईपर्यंत मोठ्या डब्याला उभे राहणे भाग होते. अलीकडच्या काळात या मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. अडचणीवरचे खरे उत्तर तेच होते. मुख्य मार्गावर आणखी मोठे इंजिन आणणे हे नव्हे.

कचेरीत, दुकानात किंवा घरी सात-आठ वर्षे वापरलेला, ज्याला डेस्कटॉप म्हणतात तो मेजावरचा संगणक मंदावतो, तेव्हा त्याच्या अंतर्भागात बहुधा हाच प्रकार चाललेला असतो. सगळे यंत्र मंद झालेले नसते. एखाद्याच ठिकाणी मार्ग अरुंद असतो आणि बाकीचे सर्व भाग तेथे हात बांधून उभे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र हे दिसत नाही. त्याला पडद्यावर गरगर फिरणारे वर्तुळ तेवढे दिसते, आणि ‘यंत्र जुने झाले’ असा निर्णय देऊन तो मोकळा होतो. हा निर्णय बरेचदा चुकीचा असतो. बैल म्हातारा झाला की हळू चालतो, तसे प्रोसेसरचे होत नाही. दहा वर्षांपूर्वी तो एका सेकंदात जेवढे काम उरकीत असे, तेवढेच तो आजही उरकू शकतो. अट एवढीच की त्याला पुरेसे थंड ठेवले पाहिजे. बदललेले असते ते त्याच्यावर लादलेले ओझे, आणि झिजलेले असतात ते फिरणारे भाग: पंखे आणि चकती.

ही चकती, म्हणजे हार्ड डिस्क, नीट समजून घेतल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही. चुंबकीय लेप दिलेली ही तबकडी सामान्य डेस्कटॉप संगणकात मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचकाच्या टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते; शिवाय ते टोक ज्या दांड्यावर बसविलेले असते, तो दांडा योग्य वर्तुळावर सरकविण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. अशा रीतीने माहितीचा एक विखुरलेला तुकडा हाती येण्यास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. हा काळ माणसाला नगण्य वाटेल. परंतु संगणकाची कार्यकारी स्मृती, म्हणजे रॅम, हेच काम सुमारे १०० नॅनोसेकंदांत करते. या दोन आकड्यांतील प्रमाण एकास १,२०,००० असे पडते. कारकुनाला मेजावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर त्याच प्रमाणात दप्तरखान्यातून कागद मागविण्यास त्याला तेहतीस तास थांबावे लागेल. संगणक सुरू होताना असे हजारो कागद मागविले जातात. मग तो पाच मिनिटे घेतो यात नवल ते कसले!

१९६७ मध्ये जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याच्या संदर्भात एक विचार मांडला होता. एखाद्या कामाचा जेवढा हिस्सा आपण जलद करतो, तेवढ्याच मर्यादेत एकूण कामाचा वेग वाढतो, असा त्याचा आशय. मंद संगणकालाही तो तंतोतंत लागू पडतो. समजा, एखादी नोंदवही उघडण्यास ६० सेकंद लागतात. पैकी ४५ सेकंद चकतीची वाट पाहण्यात आणि १५ सेकंद प्रोसेसरच्या कामात जातात. आता दुप्पट वेगाचा महागडा प्रोसेसर बसविला, तर एकूण वेळ ५२.५ सेकंदांवर येईल; वापरणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. याउलट प्रोसेसर तसाच ठेवून दहापट वेगवान साठवण बसविली, तर तोच वेळ १९.५ सेकंदांवर उतरेल. खर्च करण्यापूर्वी निदान का करावे, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

निदानासाठी कोणतेही साधन विकत घ्यावे लागत नाही. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. लिनक्स प्रणालीतही असाच तक्ता असतो. संगणक सुरू करून दहा मिनिटे जाऊ द्यावीत, मग नेहमीची कामे उघडावीत आणि त्या तक्त्यातील प्रोसेसर, स्मृती व चकती या तीन रकान्यांकडे पाहत राहावे. चकतीचा आकडा सतत शंभराला टेकलेला असून प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अरुंद मार्ग कोठे आहे ते सांगण्याची गरज उरत नाही. स्मृती नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असेल, तर ती अपुरी आहे. प्रोसेसरच शंभरावर असेल, तर त्याला कोण राबवीत आहे हे त्याच तक्त्यात नावानिशी दिसते. आणि काहीच न करताही तो राबत असेल, तर एखादा घातक प्रोग्रॅम आत शिरला असल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे, कारण त्याकडे दुर्लक्ष केल्यास वेगाबरोबर सर्वस्व जाते. चकतीचा एखादा भाग निकामी होऊ लागला, म्हणजे तेथील माहिती वाचण्याचा ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नात वेळ जातो, आणि संगणक मंद झाला असे आपण म्हणतो. वास्तविक तो मंद झालेला नसतो, मरणपंथाला लागलेला असतो. मधूनच टिक टिक असा आवाज येणे, एकच फाईल उघडताना यंत्र गोठणे, ही त्याची लक्षणे होत. चकती स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. स्मार्ट या नावाने ओळखली जाणारी ही नोंद वाचणारे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात, आणि निकामी झाल्यामुळे बदलून घेतलेल्या भागांची संख्या त्यात वाढत असेल तर एक दिवसही दवडू नये. अशा चकतीवर साफसफाईचे वा फेररचनेचे प्रयोग करणे म्हणजे आजाऱ्याला व्यायाम सांगणे होय. आधी सर्व माहिती दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावी. किंबहुना चकती निरोगी असली, तरी गती वाढविण्याच्या कोणत्याही उपायाची पहिली पायरी हीच असली पाहिजे.

माहिती उतरवून घेताना मराठी व हिंदी मजकुराच्या बाबतीत एक गोष्ट हटकून विसरली जाते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडील बहुतेक अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा टंकांत होत असे, आणि पुष्कळ ठिकाणी ती पेजमेकर या २००१ नंतर नवी आवृत्ती न निघालेल्या प्रोग्रॅमवर होत असे. अशा फायलीत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठविलेले नसते. तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असते आणि टंक त्याला ‘क’चे रूप देतो. फाईल जपली आणि टंक हरवला, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. रायपूरसारख्या शहरात, जेथे मराठी कुटुंबे भोसल्यांच्या अमदानीपासून नांदत आली आणि संस्थांचे कागद कधी मराठीत, कधी हिंदीत लिहिले गेले, तेथे एकाच संगणकात दोन-तीन पिढ्यांचे टंक असणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा दस्तऐवजांबरोबर टंकांचा संचही उतरवून घ्यावा. टंकांचा परवाना एखाद्या कुलुपवजा उपकरणावर अवलंबून असेल, तर ते नव्या प्रणालीत चालते की नाही हे आधी पाहावे. ते चालत नसेल, तर त्या संगणकाची प्रणाली बदलू नये हे बरे. तो इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या मजकुरासाठी राखून ठेवावा.

आता देखभालीकडे वळता येईल. रायपूरच्या हवामानात हा विषय इतर ठिकाणांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. येथे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. मेअखेरीच्या नऊ दिवसांना तर लोक नौतपाच म्हणतात. शिवाय शहराच्या उत्तरेकडील उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि गच्चीवर बसणारी काळपट धूळ रायपूरकरांच्या परिचयाची आहे. संगणकातील पंखा ही हवा दिवसभर आत ओढीत असतो.

उष्णतेचा गतीशी संबंध असा आहे. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा बसविलेला असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरमधील उष्णता या पत्र्यांत पसरते आणि पंख्याच्या वाऱ्याने बाहेर जाते. उष्णता किती वेगाने जाईल हे प्रोसेसर व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. एका विशिष्ट कामाला ४० अंशांचा फरक लागतो असे मानले, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ अंशांवर स्थिरावेल आणि ४२ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर. पत्र्यांच्या फटीत धुळीची चटई जमली की हा फरक वाढून ५५-६० अंशांवर जातो, आणि नौतपातल्या दुपारी प्रोसेसर शंभर अंशांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. जळून जाऊ नये म्हणून तो तेव्हा आपला वेग स्वतःच कमी करतो. सकाळी ठीक चालणारा आणि दुपारी कुंथणारा संगणक बहुधा या कारणाने कुंथत असतो, आणि त्यावरचा उपाय दुकानात नव्हे, ब्रशात आहे.

वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर अशा वेळी खोलीला गारवा देतो हे खरे. पण संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. ओलसर वारा आणि बारीक धूळ यांचा मिळून जो थर बसतो, तो कोरड्या धुळीसारखा फुंकरीने उडत नाही. भिंतीला अगदी चिकटवून किंवा मेजाच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणकही आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतो.

साफसफाई वर्षातून दोनदा करावी. एकदा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. वीजतार काढून टाकावी, सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी म्हणजे आत उरलेला विद्युत्‌भार निघून जातो, आणि हात एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला लावून मगच झाकण उघडावे. मऊ ब्रश आणि हवेचा झोत एवढी साधने पुरतात. पंख्यावर झोत मारताना त्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याच्या नळीवर निर्माण होणारी स्थिर वीज नाजूक मंडलांना घातक ठरू शकते. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधील उष्णतावाहक लेप काही वर्षांनी वाळून भेगाळतो. तो पुसून वाटाण्याएवढा नवा लेप लावल्यास तापमानात लक्षणीय उतार पडतो. आत पाहिलेच आहे तर मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरीही तपासावी. ती संपली की संगणकाचे घड्याळ प्रत्येक वेळी काही वर्षे मागे जाते, आणि तारीख चुकीची असल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. वापरणारा मात्र दोष इंटरनेटच्या मंदपणाला देतो.

प्रणालीतील साफसफाईबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम त्याच टास्क मॅनेजरमध्ये बंद करता येतात. एकाच वेळी दोन विषाणुरोधक ठेवू नयेत. साठवणीचा पाचवा-सहावा हिस्सा मोकळा असावा. विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याची क्रिया फिरत्या चकतीला उपकारक असते. एका बटणात संगणक ‘पाचपट वेगवान’ करून देण्याची ग्वाही देणारे जे प्रोग्रॅम जाहिरातींतून पुढे येतात, ते टाळलेलेच बरे. पुष्कळदा तेच पार्श्वभूमीला बसून यंत्राचा वेळ खात असतात.

एवढे करूनही रखडणे थांबले नाही, तर सुटे भाग बदलण्याचा विचार करावा. स्मृती अपुरी पडते तेव्हा संगणक तिच्यात न मावणारा मजकूर चकतीवर ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. म्हणजे मेज लहान म्हणून कारकुनाला तेहतीस तासांच्या फेऱ्या घालाव्या लागतात. साध्या कचेरीच्या कामाला व इंटरनेटला आज ८ गिगाबाइट स्मृती पुरते. ४ गिगाबाइटमध्ये आधुनिक ब्राउझर गुदमरतो. मात्र स्मृती घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. प्रणाली ३२ बिटांची असेल, तर ती ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मोजू शकते. हा आकडा म्हणजेच ४ गिगाबाइट, आणि सर्वसाधारण वापरातल्या अशा विंडोजमध्ये त्यापुढची स्मृती पडूनच राहते. दुसरे असे की डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. जयस्तंभ चौकातील रविभवनात किंवा अन्य कोठेही खरेदीस जाताना जुनी पट्टी काढून बरोबर न्यावी, हे सर्वांत सोपे.

सर्वांत मोठा पालट घडतो तो चकतीच्या जागी एसएसडी बसविल्याने. तिच्यात फिरणारे काहीच नसते; माहिती चिपांमध्ये साठविलेली असते आणि विखुरलेला तुकडा सुमारे १०० मायक्रोसेकंदांत मिळतो. कारकुनाच्या हिशेबात तेहतीस तासांची प्रतीक्षा सतरा मिनिटांवर येते. अडीच इंची आकाराची साटा जोडणीची एसएसडी दहा-बारा वर्षांच्या संगणकातही जुन्याच तारेवर चालते. जुन्या मदरबोर्डवर साटाची दुसरी पिढी असली, तर सलग वाचनाचा वेग निम्म्यावर राहतो. तरीही लाभ कमी होत नाही, कारण खरा अडसर प्रतीक्षेचा होता, प्रवाहाचा नव्हे. जुन्या चकतीची हुबेहूब प्रत नव्या साठवणीवर उतरवता येते. पण यंत्रात वर्षानुवर्षांचा कचरा साचला असल्यास प्रणाली नव्याने घालणे श्रेयस्कर. एसएसडीवर तुकडे एकत्र करण्याची क्रिया करू नये. तिचा उपयोग नसतो आणि चिपांची झीज मात्र होते. एसएसडी कधी कधी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून जुनी चकती निरोगी असेल तर ती फेकू नये. आतच दुसऱ्या जागी बसवून तिच्यावर माहितीची प्रत ठेवावी.

हे काम केव्हा हाती घ्यावे, यालाही महत्त्व आहे. छत्तीसगढमध्ये सहकारी समित्यांमार्फत होणारी धानाची सरकारी खरेदी २००७ पासून संगणकावर नोंदली जाते, आणि ती साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात चालते. बाहेर धानाने भरलेले ट्रॅक्टर उभे असताना नोंदणीचा संगणक दोन मिनिटे गोठतो, तेव्हा ती दोन मिनिटे प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला येतात. अशा कचेरीने चकती बदलण्याचे काम सप्टेंबरातच उरकावे. मार्चअखेर हिशेब मिटविणाऱ्या व्यापाऱ्याने ते मार्चमध्ये काढू नये.

प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत मात्र सहसा पडू नये. नवा प्रोसेसर म्हटला की नवा मदरबोर्ड आला, त्याबरोबर नवी स्मृती आली, आणि पाहता पाहता जुन्या पेटीत नवा संगणकच विकत घेतला जातो. चित्रफितींचे संपादन किंवा अभियांत्रिकी आरेखन करणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांचा प्रोसेसर खरोखरच शंभरावर राबत असतो.

मर्यादा आणखी एका बाजूने आली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही सीमा स्थूलमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरपासून सुरू होते. त्यापूर्वीचा संगणक एसएसडीने कितीही चपळ झाला, तरी बँकेचे व्यवहार असुरक्षित प्रणालीवर करणे शहाणपणाचे नाही. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घातल्यास पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी ते आणखी काही वर्षे उत्तम सेवा देते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने बॉस नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसाठी तयार केली आहे. विशिष्ट विंडोज प्रोग्रॅमवाचून ज्यांचे अडते, त्यांनी आधी तो प्रोग्रॅम तेथे चालतो का ते पाहावे. चालत नसेल, तर जुन्या यंत्रावर पैसा घालणे तेथेच थांबवावे.

मोडीत काढलेला संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याचे विघटन नोंदणीकृत केंद्रातच व्हावयास हवे. आणि देण्यापूर्वी चकती काढून घ्यावी. फायली नुसत्या पुसल्याने त्या नाहीशा होत नाहीत. त्यांची जागा रिकामी असल्याची नोंद तेवढी होते, आणि त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत कोणताही जाणकार त्या परत वाचू शकतो. संपूर्ण चकतीवर एकदा नवे लिखाण करणारे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. मोठ्या चकतीला काही तास लागतात. तेवढाही वेळ नसेल, तर ती कपाटात कुलूपबंद ठेवावी.